उलटी पडलेली चप्पल

“जे कापड फाटलंच नाही त्याला ठिगळ लावू नये, सूनबाई. लावलं, की तिथेच फाटतं.”

सासरे असं म्हणाले तेव्हा मी एका हाताने बाळाला भरवत होते आणि दुसऱ्या हाताने मुलाखतीच्या क्लासला फोन लावत होते. सासऱ्यांनी जन्मभर शिंपीकाम केलं. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना कापडाशिवाय समजावता येत नाही. टिंगूला खोटं बोलता येत नाही, मग त्याला बोलायला कशाला शिकवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हसले. म्हटलं, बाबा, हल्ली सगळेच जातात. आपला एकटा मागे पडायला नको. तेवढ्यात फोन लागला आणि तो विषय तिथेच संपला.

टिंगू माझा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यापासून आमच्याकडेच असतो. लहानपणी बुटका होता म्हणून टिंगू. मग एका उन्हाळ्यात जो वाढायला लागला तो चौकटीला डोकं आपटेपर्यंत वाढला, पण नाव काही मागे हटलं नाही. बोलणं बेताचं. खोड एकच. दारातली चप्पल उलटी पडलेली त्याला बघवत नाही. घाई असो, भूक असो, वाकून ती सरळ करणार आणि मगच घरात पाऊल टाकणार. माझा नवरा त्याला चप्पल-हवालदार म्हणतो. त्यावर तोही हसायचा. पण ही सवय कधीपासूनची असं विचारलं, की पाणी प्यायला उठून जायचा.

त्याला सैनिकी अकादमीत जायचं होतं. दुसरं काही त्याने कधी मागितलंच नाही. लेखी परीक्षेत त्याचं नाव बरंच वर होतं. धावणं, दोरावर चढणं, पाठीवर ओझं वाहून नेणं यांत तर विचारायलाच नको. उरली होती ती निवड केंद्रातली मुलाखत.

निकालाच्या दुपारी फोन आला. टिंगूचा नव्हे, चिमणीचा. चिमणी म्हणजे क्लासमधला त्याचा दोस्त. बॅचमधला सगळ्यात बुटका, आणि आवाजही नावाला शोभेल असा.

“ताई, टिंगू घरी पोचला का?”

“तुम्ही दोघं बरोबर येणार होता ना?”



“निकाल वाचला तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. मग दिसलाच नाही. बॅग इथेच आहे त्याची. कोटही.”

तो कोट सासऱ्यांनी शिवला होता. दिसत नव्हतं तरी, सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेऊन.

“आणि तुझं काय झालं रे?”

“माझं झालं, ताई,” चिमणी म्हणाला. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा.

*

पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसांचं काम एका इन्स्पेक्टरबाईंकडे होतं. त्यांच्या टेबलावर फायली कमी आणि संत्री जास्त. बोलता बोलता त्या साल एका अखंड पट्टीत काढत होत्या. नवरा फिरतीच्या नोकरीवर, सासऱ्यांना एकट्याने बाळ आवरत नाही, म्हणून ते माझ्या कडेवर. बाईंनी आधी बाळाच्या हातात एक फोड दिली आणि मग माझ्याकडे वळल्या.

“घरात भांडण?”

“नाही.”

“प्रेमबिम?”

“असेल तर मला माहीत नाही.”

“बहिणींना माहीत असतं. म्हणजे नाही. फोन?”

“केंद्रात शिरतानाच जमा करून घेतात. त्याने परत घेतलाच नाही.”

“जिवाभावाचा मित्र?”

“एक होता. शाळेत असताना. तो गेला.”

“कसा?”

मग मला बंड्याचं सगळं सांगावं लागलं. गावाबाहेरच्या तलावावर टिंगू, बंड्या आणि बंड्याची छोटी, बोबडं बोलणारी बहीण अशी तिघं गेली होती. टायरच्या ट्यूबवर बहिणीला बसवून बंड्या पाण्यात गेला आणि ट्यूब उलटली. त्याने बहिणीला काठाकडे ढकललं आणि स्वतः बुडाला. टिंगू काठावर होता. त्याने ओरडून माणसं जमवली. सगळ्यांना हेच माहीत आहे. बंड्याच्या आईला आम्ही काकू म्हणतो. काकू अजून भेटेल त्याला सांगतात, माझा मुलगा बहिणीला वाचवून गेला. त्या एका वाक्यावर ती बाई उभी आहे.

“तुमचा भाऊ काठावर होता, हे कुणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात. मी तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होते.”

“त्याने स्वतः सांगितलं?”

मी आठवून पाहिलं. टिंगूने त्या दिवसाबद्दल मला कधीच काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. जखमेवरची खपली कशाला काढा म्हणून.

बाई उठल्या. बाळाला घरी ठेवून या, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आणखी दोन संत्री खिशात टाकली.

*

निवड केंद्र म्हणजे बैठ्या खोल्यांच्या लांबलचक ओळी आणि वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याने पांढरे केलेले दगड. टिंगूच्या खाटेवरची चादर ताणून बसवलेली होती. कोट हँगरवर. खाटेखाली पॉलिश केलेले बूट, टाचेला टाच लावून. तो चपला घालून गेला होता, मागच्या फाटकाने.

सगळं इतकं जागच्या जागी ठेवून गेलेला माणूस मला आवडत नाही, असं बाई पुटपुटल्या. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. मी बाळाला जरा जास्तच आवळलं असणार, ते रडायला लागलं.

चिमणी पायरीवर बसून होता. निवड झालेल्या मुलाचं तोंड असं नसतं.

“मुलाखतीनंतर तो काय बोलला?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही. आम्ही सगळे बराच वेळ आत होतो. तो गेला आणि आलाच.”

“मुलाखती कुठल्या क्रमाने झाल्या?”

“छातीवरच्या नंबराने. पहिल्या दिवशी उंचीप्रमाणे उभं करतात आणि नंबर देतात. लहान आधी. मी पहिला होतो, टिंगू शेवटचा.”

“बरं. मुलाखत झाली. मग?”

“जेवताना त्याने आमच्या क्लासच्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली. जवळ येऊन, हळूच.”

“काय?”

“तुला पोहता येतं का?”

मी पायरीवर चिमणीच्या शेजारी बसले.

“तू काय सांगितलंस?”

“नाही म्हटलं. आमच्यातल्या कुणालाच येत नाही. मग तो ताट घेऊन उठला.”

बाईंनी माझ्याकडे न बघता ठाण्यावर फोन केला आणि तलावावर माणसं पाठवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी त्या काठावर उभी राहिले. माणसं होडीतून गळ टाकत होती आणि गळ जड झाला, की माझे पाय हलके होत होते. एकदा टायर वर आला. एकदा नुसता गाळ. बाळ मात्र खुशीत होतं, पाण्याकडे बोट दाखवून ओरडत होतं. सासरे माझ्या शेजारी बसून होते. त्यांनी एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पाण्यात काही मिळालं नाही. बाई म्हणाल्या, “चला. आता जे बोलत नाहीत त्यांच्याकडे जाऊ.”

*

टिंगूची मुलाखत घेणारे कर्नल सडपातळ होते. सौजन्याने बोलत आणि प्रत्येक उत्तराआधी चष्मा पुसत. त्यांनी आधी तिथली पद्धत समजावून सांगितली. उमेदवाराला तिघं पाहतात. एक जण मैदानावर, एक जण मनाच्या चाचण्यांतून आणि एक जण मुलाखतीत. शेवटच्या दिवसाच्या बैठकीपर्यंत हे तिघं उमेदवारांबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. जेवायलासुद्धा वेगळ्या टेबलांवर बसतात. एकाच्या मताची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून.

“मुलाने काय सांगितलं?” बाईंनी विचारलं.

“ते माझ्यापाशी राहील. एका उमेदवाराचं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या उमेदवारासमोर तर नाहीच. नियम आहे.”

“त्याने काय सांगितलं ते मी विचारत नाही. तुम्ही काय बोललात?”

कर्नलांनी चष्मा पुसला. दोनदा. याला बहुतेक नियम नव्हता.

“मी त्याचं एक वाक्य पूर्ण केलं.”

“म्हणजे?”

“तो सांगता सांगता अडखळला. पुढचं मी सांगितलं. मग त्याने तोंडच उघडलं नाही. मी त्याला जायला सांगितलं.”

“पुढचं तुम्हाला कसं माहीत?”

“हे काम करण्यात हयात गेली माझी. काही गोष्टी पाठ होतात.”

“आणि मग तुम्ही काय शेरा दिलात?”

 त्यांची नजर बाळाकडे गेली, आणि मग माझ्याकडे.

“प्रामाणिकपणा नाही, असा,” ते म्हणाले.

आमच्या टिंगूला. मी तिथे हसले असते, रडायला आलं नसतं तर.

*

क्लास चष्म्याच्या दुकानाच्या वर होता. सरावाची खोली अगदी लहान. दाराला आतून गादीसारखं जाड अस्तर, मधोमध टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि उमेदवाराला स्वतःचं तोंड दिसावं म्हणून भिंतीवर आरसा. खिडकी नव्हती. ज्यांची निवड झाली त्यांचे फोटो बाहेर जिन्यात लावले होते, चिमणीचाही लागला होता.

सरांनी मला बसायला खुर्ची दिली, बाळासाठी पंखा कमी केला. बोलायला अतिशय गोड माणूस.

“मुलगा कसा होता?” बाईंनी संत्रं सोलायला घेतलं.

“चांगला. पण बुजरा. मुलाखतीत माणूस फुलला पाहिजे, तो मिटायचा.”

“तुमच्याशी खासगी काही बोलला होता? घरचं, लहानपणचं?”

“छे. मी त्यात शिरत नाही. आमचा फक्त सराव.”

“तुमच्या मते तो कुठे गेला असेल?”

“काय सांगावं. पण तुम्ही तलावात शोधताय असं कानावर आलं. तिथे वेळ घालवू नका, बाई. एकदा पाण्यात हात-पाय गळालेला मुलगा पुन्हा पाण्यात उतरत नाही.”

बाईंच्या हातातली साल तुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

माझ्या तेव्हा काही लक्षात आलं नाही. मला वाटलं ते धीर देतायत. मी त्यांचे आभारसुद्धा मानले.

“जरा थांबता का इथेच?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिमणीला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत सर आम्हाला मुलाखतीचं महत्त्व सांगत होते. लेखी परीक्षेत डोकं दिसतं, मैदानावर शरीर दिसतं, पण माणूस दिसतो तो मुलाखतीतच. बाई अगदी मन लावून ऐकत होत्या.

चिमणी आला. बाई परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या आणि त्याला समोर बसवलं. सर हसून म्हणाले, वा, आमच्याच घरात आमची परीक्षा.

“कर्नलांनी तुला जे विचारलं तेच मी विचारते,” बाई चिमणीला म्हणाल्या. “आयुष्यातला सगळ्यात कठीण निर्णय?”

चिमणीने सरांकडे पाहिलं. मग त्याची पाठ आपोआप ताठ झाली आणि आवाज खाली उतरला.

“सर, मी शाळेत असताना आम्ही तिघं नदीवर गेलो होतो. मी, माझा मित्र आणि त्याची लहान बहीण. दोघं पाण्यात ओढली गेली. मी उडी मारली. माझ्या एका हातात मित्राचा हात होता आणि दुसऱ्या हातात ती. दोघांना घेऊन मला काठ गाठता येत नव्हता. मी मित्राचा हात सोडला, सर. तिला घेऊन बाहेर आलो तेव्हा त्याच्या चपला काठावरच होत्या. त्यातली एक उलटी पडली होती—”

“मी ती सरळ केली,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. 

“हेच पुढचं वाक्य आहे ना रे?”

“हो ताई,” चिमणी म्हणाला. “पण तुम्हाला कसं माहीत? ही तर सरांनी मनाने रचलेली गोष्ट आहे.”

 दारात वाकलेला माझा उंच भाऊ दिसत होता. इतकी वर्षं आम्ही त्याला हसत होतो.

*

बाईंनी संत्रं बाजूला ठेवलं.

“आता मी सांगते,” त्या म्हणाल्या. “चुकलं तर थांबवा, सर.

“टिंगू त्या दिवशी काठावर नव्हता. पाण्यात होता. हे त्याच्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही, गावाला माहीत नाही, बंड्याच्या आईला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. पाण्यात हात-पाय गळालेला मुलगा, असं तुम्ही मघाशी म्हणालात. लहानपणच्या गोष्टींत तुम्ही शिरत नाही, मग हे कुठून कळलं? त्यानेच सांगितलं, या खोलीत, हे दार लावून. तुम्ही त्याला म्हणाला असाल, अगदी आतलं सांग, खोटं बोललास तर निवड बोर्डाला वास येतो. त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं.

“गोष्ट ऐकून तुमच्यातला मास्तर जागा झाला. काय उत्तर आहे! तुम्ही ती बाकीच्या मुलांना वाटून टाकली. कुणाला नदी दिली, कुणाला विहीर, कुणाला पूर. चप्पल मात्र सगळ्यांना ठेवली, कारण अशा बारीक गोष्टीने खरेपणा येतो. बरोबर रे?”

“माझी नदी होती,” चिमणी म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “सर म्हणाले, चप्पल विसरू नका.”

“पहिला आत गेला तो हा, सगळ्यात बुटका म्हणून. कर्नल हेलावले. मग दुसऱ्याने तेच सांगितलं, मग तिसऱ्याने. कर्नल मनात हसले. पहिल्याची गोष्ट खरी, बाकीच्यांनी उचलली, असं त्यांनी धरलं. शेवटी आला सगळ्यात उंच. त्याला शब्द सापडेनात. खऱ्या माणसाचं तसंच होतं. तो चपलेपाशी अडखळला आणि कर्नल म्हणाले, ‘आणि तू ती सरळ केलीस, हो ना?’ एका उमेदवाराचं बोलणं दुसऱ्यासमोर काढायचं नाही, हा नियम त्यांनी एकदाच मोडला, नको त्या मुलासमोर. मैदानावर या मुलाला पाहणारा अधिकारी शेजारच्या खोलीत होता, पण त्याला विचारायची सोय नव्हती. कुणाची गोष्ट खरी, हे उंचीने ठरलं.

“टिंगूला तिथल्या तिथे कळलं. खात्री करायला त्याने या मुलांना विचारलं, पोहता येतं का. आम्ही वेड्यासारखे तलाव ढवळत बसलो. त्याला फक्त बघायचं होतं, की ज्यांनी हात सोडल्याचं सांगितलं, त्यांच्यातला कुणी कधी पाण्यात तरी उतरलाय का.”

सरांनी घसा खाकरला. “गोष्ट कुणाच्या मालकीची असते का, बाई? मी तिला आकार दिला. या मुलांचं भलं झालं.”

“मान्य. चूक त्याचीच. तुम्ही इतकी छान सोय केलीत आणि हा गेला आपलीच गोष्ट आपणच सांगायला.”

“तेच तर!” सर उसळून म्हणाले. “मी त्याला बजावलं होतं, ती सांगू नकोस म्हणून. तुझ्या तोंडी ती कच्ची वाटते, दुबळी वाटते, दुसरं काहीही सांग म्हणून—”

ते थांबले. आरसा नेमका त्यांच्या समोर होता.

“म्हणजे त्याची गोष्ट त्याच्याकडून काढून घेतलीत,” बाई शांतपणे म्हणाल्या, “आणि वर त्यालाच ती वापरायला बंदी केलीत. त्यानेही ऐकलं असतं. पण कर्नलांनी सरळ प्रश्न विचारला, आणि या पोराला खोटं येत नाही.”

जे कापड फाटलंच नाही. माझ्या कानांत सासऱ्यांचा आवाज घुमत होता.

“पण तो गेला कुठे?” मी विचारलं.

“तुम्हीच सांगा. इतकी वर्षं त्याने हे कुणापासून लपवलं?”

“काकूंपासून.”

“आणि आता ही गोष्ट गावोगावी फिरणार. काकूंना ती उद्या कुणाच्याही तोंडून कळेल, चपलेसकट. त्याआधी—”

मी बाळाला टोपी घालायला लागले होते.

*

बंड्या गेल्यावर काकूंनी गाव सोडलं, तेव्हा पत्ता दिला होता. मी कधी गेले नव्हते. त्या दुसऱ्या शहरात, एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होत्या आणि मागच्या चाळीत राहत होत्या. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींच्या रांगा होत्या. त्या बाजूला सारत सारत आम्ही गेलो.

टिंगू पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. शेजारी बंड्याची बहीण बसली होती. आता ती शाळेतली मोठी मुलगी झाली होती.  त्याच्यापुढे झाकलेलं ताट होतं. दाराजवळ सगळ्या चपला सरळ होत्या.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने बाळाला घेतलं आणि त्याच्या पोटात तोंड लपवलं.

काकू आत इस्त्री करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“निकालाच्या संध्याकाळपासून बसलाय तुझा भाऊ,” त्या म्हणाल्या. “जा म्हटलं तर जात नाही. आत ये म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मुलगी ताट नेऊन ठेवते, मी बघत नाही असं करते.”

“काकू—”

“मी त्याला म्हटलं, अरे, बंड्यानेच हात सोडवून घेतला असेल, बहिणीसाठी. तसं सांग. तेवढं एक सांग आणि आत ये, जेव. तर म्हणतो, नाही काकू. मी सोडला.” इस्त्री एकाच जागी राहिली होती, कापडाचा वास यायला लागला. “एवढं एक खोटं त्याला माझ्यासाठी बोलता आलं नाही.”

मी इस्त्री उचलून उभी केली. चादरीवर तिचा तांबूस ठसा उमटला होता. त्यावर काकूंनी तळवा ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

इन्स्पेक्टरबाई दारात होत्या. नंतर गाडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “कर्नलांनी ही मुलाखत बघायला हवी होती.”

*

कर्नल एकदा साध्या कपड्यांत आमच्याकडे येऊन गेले. मैदानावरच्या अधिकाऱ्याने टिंगूला सगळ्यात वर ठेवलं होतं, पण बैठकीत मुलाखतीच्या शेऱ्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. निकाल बदलत नाही. पुढच्या खेपेला तो पुन्हा येऊ शकतो. मात्र जुना शेरा नव्या बोर्डासमोर राहील. सासऱ्यांनी विचारलं, ते ठिगळ काढता येत नाही का. कर्नलांनी चष्मा पुसला. टिंगू म्हणाला, नको, मी नाही येणार. त्याने त्यांना दारापर्यंत सोडलं.

सरांवर कुठलंच कलम लागलं नाही. बाईंनी बरंच शोधलं. गोष्ट चोरणं हा गुन्हा नाही. जिन्यात नवे फोटो लागलेत, असं ऐकते.

चिमणी अकादमीत गेला. जायच्या आधी येऊन दारातच उभा राहिला. मी काय करू, सांगून टाकू का त्यांना, असं त्याने टिंगूला विचारलं. 

“पोहायला शीक,” टिंगू म्हणाला.

एवढंच. चिमणी रडत जिना उतरला. त्याने पुढे काय केलं, मला माहीत नाही.

टिंगू आता एका गोदामात कामाला जातो. वेळेवर जेवतो, बाळाला फिरवतो, विचारलं की बरा आहे म्हणतो. पण आता दारात चप्पल उलटी पडलेली असली तर तो ती ओलांडून आत येतो. वाकत नाही. मला त्या ओलांडण्याची भीती वाटते. बाळ झोपलं, की मी त्याच्या दाराशी जाऊन उभी राहते, काही काम काढून आत जाते, काही न विचारता थोडी बसते. तो ओळखतो. म्हणतो, ताई, जिवंत आहे मी.

तुमच्याही घरात कुणी नुकतंच मुलाखत देऊन आलं असेल. कशी झाली विचारल्यावर ‘बरी झाली’ म्हणून आत गेलं असेल, आणि तुम्ही हे वाचायला घेतलं असेल. हे आता मिटून ठेवा. आधी त्या खोलीत जाऊन या. काही समजावू नका, त्याचं वाक्य पूर्ण करू नका. अडखळला तर अडखळू द्या. नुसतं जाऊन शेजारी बसा.